रारोटोंगाला जायचं तर आधी ऑकलंडचं गणित सोडवा

पॉलिनेशियातलं बेट म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते बोरा बोरा, नाहीतर हवाई. भारतीय पासपोर्ट घेऊन आखणीला बसलं की ही दोन्ही नावं कागदपत्रांपाशीच अडतात. हवाईला अमेरिकेचा व्हिसा लागतो. बोरा बोरा फ्रेंच पॉलिनेशियात येतं. तिथे सत्ता फ्रान्सची असली तरी तो भाग शेंगेनमध्ये मोडत नाही, त्यामुळे युरोपसाठी काढलेला व्हिसा आपोआप चालेल असं धरून तिकीट काढणं धोक्याचं. आम्ही दक्षिण पॅसिफिकमधले कुक आयलंड्स (रारोटोंगा हे त्यांतलं मुख्य बेट) निवडले ते मुख्यतः एका कारणासाठी: पर्यटक म्हणून येणाऱ्या कुठल्याही देशाच्या माणसाला तिथे उतरल्यावर ३१ दिवस राहण्याची परवानगी मिळते, आधी अर्ज करावा लागत नाही. परतीचं तिकीट, आधी ठरवलेली राहण्याची जागा, खर्चापुरते पैसे आणि किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट, एवढं दाखवायचं. राहण्याचं आरक्षण मात्र खरोखर हवं. ‘उतरल्यावर बघू’ हा प्रकार तिथे चालत नाही आणि तंबू ठोकून राहायलाही परवानगी नाही.

हा देश म्हणजे १५ बेटं. सगळी जमीन एकत्र केली तरी साधारण २४० चौरस किलोमीटर भरते, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा कमी. आणि ती विखुरली आहे जवळजवळ २० लाख चौरस किलोमीटर समुद्रात. १९६५ पासून कारभार तिथल्याच सरकारचा, पण न्यूझीलंडशी संलग्न. चलन न्यूझीलंडचा डॉलर आणि तिथली माणसं न्यूझीलंडची नागरिक. पर्यटक जातात ते मुख्यतः दोन बेटांवर: रारोटोंगा आणि आयतुताकी. बेटावरची आखणी दोन संध्याकाळींत होते. वेळ आणि डोकं खातो तो ऑकलंड, म्हणून सुरुवात तिथून.

ऑकलंडचा व्हिसा

मुंबईहून रारोटोंगाला थेट विमान नाही. सोयीचा मार्ग मुंबई ते सिंगापूर सुमारे साडेपाच तास, सिंगापूर ते ऑकलंड सुमारे दहा तास, आणि ऑकलंड ते रारोटोंगा सुमारे चार तास. कुक आयलंड्सना व्हिसा लागत नाही हे वाचून लोक निश्चिंत होतात आणि इथेच फसतात, कारण भारतीय पासपोर्टवर ऑकलंडला नुसतं विमान बदलायचं असलं तरी न्यूझीलंडचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. बऱ्याच देशांच्या लोकांना चालणारी ऑनलाइन प्रवास-परवानगी साध्या भारतीय पासपोर्टधारकाला मिळत नाही.

ट्रान्झिट व्हिसाला दोन मर्यादा आहेत. ऑकलंड विमानतळाच्या ट्रान्झिट भागाबाहेर पडता येत नाही, आणि थांबायचं ते जास्तीत जास्त २४ तास. पहिल्या मर्यादेचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो. मुंबई ते ऑकलंड एक तिकीट आणि ऑकलंड ते रारोटोंगा दुसरं, अशी वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडतात म्हणून घेतली, तर बहुतेक वेळा बॅग ऑकलंडला बाहेर येते. ती घ्यायला इमिग्रेशन ओलांडावं लागतं, आणि ट्रान्झिट व्हिसावर ते ओलांडता येत नाही. म्हणजे वेगळी तिकिटं घ्यायची असतील तर व्हिजिटर व्हिसाच हवा. एकाच तिकिटावर सगळा प्रवास असेल आणि बॅगेला मुंबईतच रारोटोंगाचा टॅग लागत असेल, तर ट्रान्झिट पुरतो. रारोटोंगाच्या विमानतळाची खूण ‘आर-ए-आर’. मुंबईच्या काउंटरवर बॅगेच्या टॅगवर ती तीन अक्षरं स्वतः वाचून घ्यावीत.

दुसरी गोम परतीची. जाताना आणि येताना असं दोनदा ऑकलंडला उतरायचं असतं. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा घेतला तर तो जाताना संपतो आणि परतीच्या विमानात चढूच देत नाहीत. अर्ज भरताना दोन्ही खेपा स्पष्ट लिहाव्यात, दोन्ही तारखांचा आराखडा जोडावा, आणि व्हिसा हाती आल्यावर त्यावर एकापेक्षा जास्त प्रवेश लिहिले आहेत ना, परतीची तारीख मुदतीत बसते ना, हे पाहावं.

आमचा सल्ला व्हिजिटर व्हिसाचा. कागद जास्त लागतात, पैसेही जास्त, पण विमान चुकलं किंवा वादळामुळे रद्द झालं तर ऑकलंडमध्ये हॉटेलात झोपता येतं. ट्रान्झिट व्हिसावर खुर्चीत रात्र काढावी लागते. आणि एवढ्या लांब गेल्यावर तीनचार दिवस न्यूझीलंड पाहणं होतंच. अर्ज ऑनलाइन असतो. महिन्याला माणशी १००० न्यूझीलंड डॉलर खर्चायला आहेत हे दाखवावं लागतं. राहण्याचे पैसे आधी भरले असतील तर ४००. बँकेचं स्टेटमेंट काही महिन्यांचं द्यावं, आणि अर्जाच्या आधल्या आठवड्यात खात्यात अचानक मोठी रक्कम आलेली असेल तर ती कुठून आली याचा कागद जोडावा, नाहीतर शंका येते. नोकरीचं पत्र, मंजूर रजा, प्राप्तिकराची विवरणपत्रं हे नेहमीचंच. मराठीतल्या कागदांकडे मात्र लक्ष हवं: विवाहाचा दाखला, सातबारा, घरपट्टीची पावती मराठीत असेल तर सोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. निदान दोन-अडीच महिने आधी अर्ज करावा, आणि व्हिसा येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नये.

ऑकलंडमध्ये मराठी घरं बरीच आहेत. मुलाकडे-लेकीकडे आलेले आईवडील तिथूनच आठवडाभर रारोटोंगाला जाऊन येतात, आणि अंतराच्या हिशोबाने हाच सगळ्यांत शहाणा मार्ग. त्यांनी स्वतःच्या व्हिजिटर व्हिसावर पुन्हा प्रवेश आहे का ते आधी बघावं. तिथे राहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी आणखी महत्त्वाच्या. रेसिडंट व्हिसा कायमचा असला तरी त्यावरच्या प्रवासाच्या अटींना मुदत असते. ती संपलेली असताना देशाबाहेर गेलं तर परत येता येत नाही. आणि एक व्हिसा संपून दुसऱ्याचा निकाल यायचा असताना जो इंटरिम व्हिसा मिळतो, तो देश सोडल्याबरोबर रद्द होतो. चार तासांवरचं बेट म्हणून ‘जवळच तर आहे’ असं वाटतं, पण कायद्याने तो परदेशच.

काउंटरवरचा कर्मचारी संगणकात देशाचे नियम पाहून मगच बोर्डिंग पास देतो. कुक आयलंड्सला जाणारा प्रवासी मुंबईत रोज येत नाही, त्यामुळे तिथे दहा-वीस मिनिटं जातात. राहण्याचं आरक्षण, परतीचं तिकीट, न्यूझीलंडचा ई-व्हिसा आणि कुक आयलंड्सच्या इमिग्रेशनचा ३१ दिवसांचा नियम, या चार गोष्टींची छापील प्रत हाताशी ठेवावी. मोबाइलवर दाखवू म्हणणाऱ्यांना बॅटरी आणि वायफाय नेमक्या वेळी दगा देतात.

एक दिवस मागे

ऑकलंड आणि रारोटोंगा यांच्यामध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे. रारोटोंगाचं घड्याळ भारताच्या साडेपंधरा तास मागे, आणि न्यूझीलंडच्या २२ तास मागे; न्यूझीलंडमध्ये उन्हाळी वेळ (घड्याळ तासभर पुढे) लागू असेल तेव्हा २३ तास. म्हणजे ऑकलंडहून शनिवारी सकाळी ९ ला निघालेलं विमान शुक्रवारी दुपारी ३ च्या सुमारास उतरतं. हॉटेलाचं आरक्षण निघण्याच्या तारखेने केलं, तर पहिल्या रात्री डोक्यावर छप्पर नाही आणि हॉटेलवाल्याकडे नाव नाही, असं होतं. ही इथली सगळ्यांत सर्रास होणारी चूक आहे.

परतताना उलट. रारोटोंगाहून रविवारी दुपारी २ ला निघालं तर ऑकलंडला पोचेपर्यंत सोमवारची दुपार कलते. पुढचं सिंगापूरचं विमान रविवारी रात्रीचं घेतलं असेल तर ते आदल्या दिवशीच उडून गेलेलं असतं. उपाय सोपा: सगळ्या तारखा स्थानिक वेळेनुसार एका कागदावर उतरवायच्या आणि हॉटेलाची नोंद नेहमी ‘उतरण्याच्या’ तारखेने करायची. सामोआ जोडायचा विचार असेल तर आणखी सांभाळून. सामोआने २०११ साली ३० डिसेंबर हा दिवसच गाळला आणि वाररेषेच्या पश्चिमेला उडी मारली. त्यामुळे नकाशावर शेजारी दिसणाऱ्या या दोन देशांत आता जवळजवळ पूर्ण दिवसाचा फरक आहे.

कोणता महिना, कोणती बाजू

मे ते ऑक्टोबर हा कोरडा आणि सुखद काळ. दिवसा २५-२६ अंश, रात्री १८-२० पर्यंत खाली; पाणी मुंबईच्या समुद्राच्या मानाने गार लागतं. नोव्हेंबर ते एप्रिल पावसाचा, दमट आणि चक्रीवादळांचा. वादळ दर वर्षी बेटावर येतंच असं नाही, पण २००५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एकामागोमाग पाच चक्रीवादळं या भागातून गेली, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये ‘पॅट’ने आयतुताकीवरची बहुसंख्य घरं मोडली. आपल्याकडची मे महिन्याची सुट्टी बरोबर कोरड्या हंगामाच्या तोंडाशी येते, हे आपल्या पथ्यावर पडतं. दिवाळीची सुट्टीही बसते, विशेषतः दिवाळी ऑक्टोबरात असेल तेव्हा. मात्र न्यूझीलंडच्या शाळांची सुट्टी जुलैत आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर असते. तेव्हा तिकीट आणि खोली दोन्हींचे भाव चढतात. हंपबॅक देवमासे जुलै ते ऑक्टोबर किनाऱ्याजवळून जातात. त्यांच्यासाठीच जायचं तर ऑगस्ट-सप्टेंबर धरावा आणि सुट्टीचे आठवडे टाळावेत.

रारोटोंगाची प्रदक्षिणा फक्त ३२ किलोमीटरची, त्यामुळे ‘कुठेही राहिलं तरी काय फरक पडतो’ असं वाटतं. फरक वाऱ्याने पडतो. कोरड्या हंगामात आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात आणि ते सरळ मुरी भागावर येतात. मुरीचं लगून, म्हणजे प्रवाळभिंतीच्या आतलं शांत पाणी, सगळ्यांत रुंद आणि उथळ, समोर चार छोटी बेटं, कयाक करायला उत्तम. सगळ्या जाहिरातींतले फोटोही तिथलेच. पण जून ते सप्टेंबर वारा इतका असतो की पतंगाच्या जोरावर पाण्यावर सरकणाऱ्या खेळाडूंची तिथे चंगळ होते आणि वाळूवर पुस्तक घेऊन बसणाऱ्याचे हाल. शिवाय त्या लगूनमध्ये मधूनमधून शेवाळ माजतं. वस्तीच्या सांडपाण्यातून झिरपणारी पोषकद्रव्यं हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं. पश्चिमेचा अरोरांगी भाग वाऱ्याच्या आड येतो, सूर्यास्त तिथूनच दिसतो आणि दरही बहुधा थोडे कमी. दक्षिणेच्या तितिकावेका भागात प्रवाळ आणि मासे सगळ्यांत चांगले. उत्तरेला राजधानी अवारुआ आणि विमानतळ. तिथे लगून अरुंद, पोहण्यासाठी राहावं असं काही नाही. लहान मुलं बरोबर असतील तर मुरी, तिथल्या हिवाळ्यात (जून ते ऑगस्ट) शांत बसायचं असेल तर अरोरांगी, आणि पाण्यात तोंड घालून तासन्‌तास मासे पाहायचे असतील तर तितिकावेका, असा आमचा कौल.

खोली घेताना स्वयंपाकघर असलेलीच घ्यावी. शाकाहारी माणसासाठी तर यावर तडजोड करूच नये.

आयतुताकी आधी, रारोटोंगा नंतर

आयतुताकी रारोटोंगाच्या उत्तरेला, छोट्या विमानाने ५० मिनिटांवर. त्रिकोणी प्रवाळभिंतीच्या आतलं निळं लगून, कडेने पंधराएक छोटी बेटं, आणि मुख्य बेटावरचा सगळ्यांत उंच डोंगर जेमतेम सव्वाशे मीटरचा. धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी बांधली. १९५१ ते १९६० या काळात न्यूझीलंडहून ताहितीकडे जाणारी पाण्यावर उतरणारी विमानं अकाइआमी या बेटाशी इंधन भरायला थांबत. प्रवासी तेवढ्यात पोहून घेत. आज लगूनमधल्या होडीसफरीत ती जागा दाखवतात.

सकाळी जाऊन संध्याकाळी परत, अशी एका दिवसाची सहलही मिळते. महाग पडते आणि हवा बिघडली तर सगळा दिवस वाया. निदान दोन रात्री राहावं म्हणजे होडीसफरीसाठी पर्यायी दिवस उरतो. क्रमही महत्त्वाचा. रारोटोंगाला उतरल्यावर एक रात्र काढून आयतुताकीला जावं आणि शेवटच्या दोनतीन रात्री परत रारोटोंगाला राहावं. उलट क्रम लावून आयतुताकीहून परतलेल्या दिवशीच ऑकलंडचं विमान पकडायचं ठरवलं, तर देशांतर्गत उड्डाण पावसाने लांबताच पुढची सगळी साखळी तुटते. विमान छोटं असल्यामुळे सामानाची मर्यादाही आंतरराष्ट्रीय विमानापेक्षा कमी असते. जड बॅग रारोटोंगाच्या हॉटेलात ठेवून पाठीवरच्या पिशवीत दोन-तीन दिवसांचे कपडे न्यावेत. बहुतेक ठिकाणी बॅग ठेवून घेतात, फक्त आधी विचारावं.

लगूनमधल्या तापुआएताई बेटावर पासपोर्टवर पावलाच्या आकाराचा शिक्का मारून देतात. गंमत म्हणून छान आहे, पण पासपोर्टवर नको. तो अधिकृत शिक्का नाही, आणि पुढे एखाद्या देशाचा अधिकारी त्यावर बोट ठेवू शकतो. वहीत किंवा पोस्टकार्डावर मारून घ्यावा.

बॅगेतलं खाणं

न्यूझीलंडमध्ये प्रवेश करायचा असेल तर खाण्याच्या प्रत्येक वस्तूची नोंद करावी लागते. त्यासाठी प्रवासापूर्वी ऑनलाइन प्रवासी घोषणापत्र भरायचं असतं, ते फुकट आहे. ट्रान्झिट भागातच थांबणाऱ्याला ते लागत नाही. धोक्याची वस्तू लपवून किंवा विसरून राहिली तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. नोंद करून दाखवली तर दंड नाही. फार तर वस्तू जप्त होते. त्यामुळे शंका असेल तिथे ‘हो’वर खूण करावी. मध चालत नाही, म्हणून मध घातलेला च्यवनप्राशही घरीच ठेवावा. ताजा कढीपत्ता, फळं, बिया, मोड येऊ शकतील अशी कडधान्यं, घरचं तूप आणि खव्याची मिठाई नेऊ नये. कारखान्यात बंद केलेल्या पाकिटातले दळलेले मसाले, भाजलेला चिवडा, बिस्किटं, तयार पोहे-उपम्याची पाकिटं अडत नाहीत, मात्र पाकिटावर घटक इंग्रजीत छापलेले हवेत. डब्यात बांधलेली घरची चटणी कितीही चांगली असली तरी अधिकाऱ्याला ती अनोळखी पूड असते. कुक आयलंड्समध्ये उतरल्यावरही कृषी-तपासणी होते, तिथेही हाच नियम पाळावा.

आणखी एक: ऑकलंडला ट्रान्झिटमध्ये पुन्हा सुरक्षा तपासणी होते. मुंबईत घेतलेली पाण्याची बाटली किंवा सील उघडलेली ड्यूटी-फ्री बाटली तिथे जाते.

बेटावर बहुतेक किराणा जहाजाने किंवा विमानाने न्यूझीलंडहून येतो, म्हणून दूध, चीज, सफरचंदं, तांदूळ सगळं तिथल्यापेक्षा महाग. स्वस्त आणि चांगलं ते स्थानिक: पपई, केळी, शहाळी, करांद्यांसारखे कंद. शनिवारी सकाळी अवारुआच्या पुनांगा नुई बाजारात जाऊन आठवड्याची भाजी-फळं घ्यावीत. दहा वाजेपर्यंत चांगला माल उठतो. ‘रुकाऊ’ म्हणजे अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवलेली, आपल्या फदफद्याची पॅसिफिकमधली बहीणच म्हणा ना. फक्त डाळ-दाणे-चिंच नाही. शाकाहाऱ्यांनी विचारून घ्यावं, कारण काही ठिकाणी त्यात खारवलेलं गोमांस घालतात. ‘कुरू’ म्हणजे कोकणातला नीरफणस. भाजून, तळून, उकडून मिळतो आणि पोट भरतं. मासे खाणाऱ्यांनी ‘इका माता’ चुकवू नये: कच्च्या माशाचे तुकडे लिंबाच्या रसात मुरवून नारळाच्या दुधात घातलेले.

नळाचं पाणी सरळ पिऊ नये. उकळून किंवा गाळणीतून प्यावं. बाटल्या भरून घ्यायची शुद्ध पाण्याची केंद्रं रस्त्याकडेला आहेत. मलेरिया तिथे नाही, डेंगी मात्र आहे आणि मधूनमधून साथ येते. डास दिवसा चावतात, त्यामुळे मलम सकाळपासून लावावं लागतं.

फिरणं

बेटाभोवती एकच मुख्य रस्ता, त्यावर दोन बसमार्ग. एका बसवर लिहिलेलं असतं घड्याळाच्या दिशेने, दुसरीवर उलट दिशेने. पूर्ण फेरीला सुमारे ५० मिनिटं लागतात. हात दाखवला की थांबते. संध्याकाळी आणि रविवारी फेऱ्या कमी होतात, तेवढं वेळापत्रक पाहून ठेवावं.

गाडी डाव्या बाजूने चालते, म्हणजे आपल्याला सोपं. भाड्याने स्कूटर सगळेच घेतात, आणि सगळ्यांत जास्त पर्यटक जखमी होतात तेही त्यावरूनच. लायसन्सवर दुचाकीचा वर्ग असेल तर ठीक. फक्त चारचाकीचं लायसन्स असेल तर अवारुआच्या पोलीस ठाण्यात चाचणी देऊन स्थानिक परवाना घ्यावा लागतो. सोबत आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्यावा. त्याची मुदत एक वर्ष. हेल्मेट सक्तीचं आहे. रस्त्यावर कुत्री मोकाट, पडलेले नारळ, आणि सर आली की कडेला वाळूचा थर. पायात चप्पल, अंगात पोहण्याचे कपडे, डोक्यावर काही नाही अशा अवस्थेत घसरलं तर विम्याचा दावाही फेटाळला जातो. विमा घेताना न्यूझीलंडला रुग्णविमानाने हलवण्याचा खर्च त्यात आहे का ते वाचावं, कारण गंभीर रुग्णाला तिकडेच नेतात.

बेट ओलांडणारी डोंगरवाट उत्तरेकडून दक्षिणेकडे चालावी. ते रुआ मांगा या सुळक्याच्या पायथ्यापासून जाते, तीन-चार तास लागतात. चढ मुळांचा आणि चिखलाचा. पाऊस पडून गेला असेल तर दुसऱ्या दिवशीही घसरडी राहते. सह्याद्रीत पावसाळी भटकंती करणाऱ्यांना यात नवीन काही नाही, पण सुळक्यावर चढायच्या फंदात पडू नये.

रविवारी जवळजवळ सगळं बंद. शनिवारीच दूध-ब्रेड भरून ठेवावं. सकाळी दहाच्या प्रार्थनेला पाहुण्यांचं स्वागत होतं. खांदे-गुडघे झाकलेले कपडे घालून जावं. वाद्यांशिवाय सगळी मंडळी ज्या ताकदीने गातात ते ऐकण्यासारखं आहे.

पाणी कुठून बाहेर जातं

लगूनमध्ये लाट नसते, पाणी कमरेएवढं, म्हणून पोहता न येणारेही बिनधास्त उतरतात. धोका आहे तो प्रवाळभिंतीतल्या खिंडींचा. बाहेरच्या समुद्राच्या लाटा भिंतीवरून सतत पाणी आत टाकत राहतात. ते पाणी भिंतीवरून परत जाऊ शकत नाही. सगळं गोळा होऊन या खिंडींतून बाहेर पडतं. दक्षिण किनाऱ्यावर अवाआवारोआ, पापुआ आणि रुताकी अशा तीन खिंडी आहेत. बाहेर लाटा जितक्या मोठ्या तितका आतून बाहेर जाणारा ओढा जोराचा, आणि हिवाळ्यात दक्षिणेकडून मोठ्या लाटा येतात. म्हणजे ऊन स्वच्छ, वारा मंद, लगून शांत दिसत असतानाही ओढा जबर असू शकतो. अवाआवारोआमध्ये समुद्री कासवं दिसतात म्हणून लोक तिथेच जातात आणि तिथे माणसं बुडाली आहेत. जायचं तर स्थानिक वाटाड्याबरोबरच, पायात पोहण्याचे पंख घालून. पाण्यात उतरण्यापूर्वी एक नारळाचं सोडण किंवा पान टाकून ते कुठे आणि किती वेगाने वाहतं हे पाहावं. ओढ्यात सापडलंच तर किनाऱ्याकडे झगडू नये. भिंतीला समांतर, आडवं पोहून ओढ्याबाहेर यावं.

भरती-ओहोटीतला फरक इथे मीटरभरही नसतो, कोकणातल्यासारखा नाही. तरी ओहोटीला प्रवाळावर जेमतेम गुडघाभर पाणी उरतं आणि वरून तरंगताना पोट-गुडघे खरचटतात. प्रवाळाची जखम चटकन चिघळते. स्वच्छ पाण्याने चोळून धुऊन जंतुनाशक लावावं. भरतीच्या आधी तासभर उतरलं तर उत्तम. रबरी तळाचे पाणबूट हवेतच, कारण दगडासारखा दिसणारा विषारी काट्यांचा मासा वाळूत पडून असतो. मुखवटा आणि श्वासनळी घरून न्यावी. चष्मा असलेल्यांनी नंबरचा मुखवटा आधीच करून घ्यावा, बेटावर तो मिळेल या भरवशावर राहू नये.

पैसे, फोन, परतीचा दिवस

फोरेक्स कार्डावर न्यूझीलंड डॉलर भरून न्यावेत आणि थोडी रोकड. एटीएम अवारुआ आणि मुरीत आहेत; आयतुताकीला निघताना रोकड काढून घ्यावी. विजेचा दाब २४० व्होल्ट, पण भोकं ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची, तिरक्या चपट्या पिनांची. आपली गोल पिन बसत नाही. अडॅप्टर दोन न्यावेत. सिम विमानतळावरच घ्यावं.

परतताना बॅगेत काय जातंय याकडे पुन्हा लक्ष. ऑकलंडला बाहेर पडणार असाल तर लाकडी वस्तू, विणलेल्या टोपल्या-टोप्या, शंख-शिंपले यांची नोंद करायची. वाळू चिकटलेले बूट धुऊन वाळवून भरायचे, कारण तळाची माती तपासतात. निरोपाला गळ्यात घातलेला ताज्या फुलांचा हार विमानातच सोडायचा. तिथली नाणी, त्यातलं तीन कोनांचं दोन डॉलरचं नाणं धरून, न्यूझीलंडमध्ये चालत नाहीत. आठवणीपुरतं एखादं ठेवून बाकीची विमानतळावरच्या दुकानात संपवावीत. चेक-इनला मात्र शेवटच्या तासात जाऊ नये: रारोटोंगाच्या काउंटरवरही न्यूझीलंडचा व्हिसा तपासतात, आणि बॅगेवर मुंबईचा टॅग लागतो की ऑकलंडचाच, हे तिथेच ठरतं.